खुंटीजवळ उभी राहिलेली बाई

खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, असा तो खेळ होता. हॉलच्या एका टोकाला लाकडी पाट, पाटावर ठोकलेली वीतभर खुंटी, आणि तिथून मागे भिंतीपर्यंत खडूनं मारलेल्या दहा रेघा. प्रत्येकीला पाच रिंगा मिळायच्या. हव्या त्या रेघेवर उभं राहा आणि टाका. खुंटीत किती पडल्या त्यापेक्षा बाई उभी कुठं राहिली, ते सर वहीत लिहून घ्यायचे. त्यावरून म्हणे कळतं, अंगात उद्योजक आहे की नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. महाडला एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, खताच्या गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर ते केंद्र होतं. पाटीवरचं नाव एवढं लांब की वाचता वाचता धाप लागावी, म्हणून आम्ही नुसतं 'सेंटर' म्हणायचो. मागासवर्गीय, विधवा, परित्यक्ता, अपंग, अशा बायकांना सरकारी खर्चानं सहा आठवडे धंदा कसा करायचा ते शिकवायचे. आम्ही पंचवीसजणी होतो. खालच्या खतानं डोळे चुरचुरायचे, दुपारी चहा आणि एक वडा मिळायचा. मॅट्रिक होऊन चार वर्षं मी घरात बसून आईशी भांडत होते. आईनंच फॉर्म आणून दिला, म्हणाली, जा आणि तिथं तोंड वाजव.

सरांना नावं लक्षात राहायची नाहीत. ते गावावरून हाक मारायचे, पोलादपूर, बिरवाडी, शिवथर. महाडच्या आम्ही आठजणी, त्यामुळे आमची नावं अंगावरून पडली. मी 'चष्मा'. आणि 'शिवथर' म्हणजे ती, जिच्याबद्दल मी हे लिहायला बसले आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, काटकुळी, कायम पदर खोचलेला. नवऱ्यानं टाकली होती. तो मुंबईला दुसरीबरोबर राहत होता. ती आठ वर्षं माहेरी होती. मूलबाळ नव्हतं. माझ्याकडे जातीचा दाखला होता, तिच्याकडे परित्यक्तेचा. टाकलेल्या बाईला टाकलेली आहे म्हणून सरपंचाचा कागद आणावा लागतो, हे मला तिच्यामुळे कळलं.

तर रिंगांच्या दिवशी तिची पाळी आली. ती खडूच्या सगळ्या रेघा ओलांडून सरळ खुंटीपाशी गेली, वाकली, आणि पाचही रिंगा हातानं एकेक करून खुंटीत घातल्या. मग पदराला हात पुसून जागेवर येऊन बसली.

सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी. सरही हसले, म्हणाले, "शिवथर, अहो खेळ आहे हा. थोडी तरी रिस्क घ्यायची असते."

ती शांतपणे म्हणाली, "खुंटीत घाला म्हनालात, घातल्या. बाहेर पडली तर परत कोन देतंय?"

सरांनी वहीत तिच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. मग माझी पाळी. मी मधल्या रेघेवर उभी राहिले, तीन आत गेल्या, दोन बाहेर पडल्या. सरांनी टाळी वाजवली. अगदी जवळ उभा राहतो तो भित्रा, अगदी लांब उभा राहतो तो जुगारी, आणि मधे उभा राहतो तो उद्योजक, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. खाली माझं नाव लिहिलं, या खेपेला खरं नाव. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षांत मला कुणी कशाबद्दल शाबासकी दिली नव्हती, हेही खरंच.

त्या दुपारी वडा खाताना मी तिची चेष्टा करायला गेले. म्हटलं, "ताई, एवढी कसली भीती गो तुला?" ती रागावली नाही. तिनं मला तिच्या पडवीचं सांगितलं.

माहेरी आली तेव्हा आई जिवंत होती. आईनं घराच्या कडेची पडवी तिला दिली आणि स्वतःच्या हातानं तिथं मातीची चूल घातली. ही चूल तुझी, म्हणाली, हिच्यावर रोज काहीतरी शिजव, मग तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. त्या बाजूला घरातली माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, रेशनकार्ड वेगळं. आई गेली, भाऊ होता, भावजय होती, पण पडवीला कुणी हात लावला नाही, कारण तिथून रोज संध्याकाळी धूर निघायचा. आठ वर्षांत तिनं एक संध्याकाळ चुकवली नव्हती. ताप आला तरी उठून निदान चहा टाकायची. कुणाच्या लग्नाला गेली तरी जेवण सोडून शेवटची एसटी पकडायची. सेंटरमधूनही ती रोज चारला उठायची, सर बोलत असले तरी.

"तेवढी चूल हाय गो बाय," ती म्हणाली. "दुसरं काय पन नाय."

मी ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. वीस वर्षांच्या पोरीला चूल म्हणजे धूर आणि खोकला. मला तिची कीव आली, असंच सांगायला हवं.

चौथ्या आठवड्यात बाजार पाहणी होती. कुठला धंदा चालेल ते लोकांना विचारून यायचं. तिच्या गावची दोन पोरं बिरवाडीत खोली घेऊन कंपनीत कामाला होती आणि दोन्ही वेळा पाव खाऊन राहायची. तिनं त्यांना विचारलं आणि कागदावर लिहून आणलं, दोन डबे. सरांनी कपाळाला हात लावला. दोन डब्यांचा प्रकल्प होत नाही म्हणाले, अर्जात तेवढा छोटा आकडा बसतच नाही. ती म्हणाली, दोन नीट झाले तर तीन करीन. सर म्हणाले, अहो, वर साहेबांकडं पाठवायचा असतो तो अर्ज.

मी मात्र एमआयडीसीच्या गेटवर जाऊन एका लेबर ठेकेदाराला गाठलं होतं. तो म्हणाला, चाळीस डबे रोज घेतो, देणार कोण? मला तर कढीला फोडणी देता येत नव्हती. तिच्या हातचं वालाचं बिरडं सेंटरमध्ये एकदा आलं होतं, सरांनी बोटं चाटली होती. सरांनीच जोडी लावली. म्हणाले, चष्म्याकडे हिंमत आहे, शिवथरकडे हात आहे, दोघी मिळून करा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "चारची एसटी मिळंल ना?" मी म्हटलं, मिळेल. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते.

दिवाळीनंतर बिरवाडीत खोली घेतली. ज्यांची होती ते मुसलमान काका, त्यांचा मुलगा दुबईला, त्यामुळे खालची खोली रिकामीच होती. सरकारी योजनेतून शेगडी, पातेली आणि डबे आले. खानावळ सुरू झाली. सुरुवातीचे सहा महिने मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाले नाहीत. ती पहिल्या एसटीनं यायची, साडेसातला. तांदळाच्या भाकऱ्या थापायची, सुकटीची चटणी, कधी पावटे, कधी वाकट्यांचं कालवण. मी भाजी चिरायची, डबे भरायची, ठेकेदाराशी हुज्जत घालायची. आम्हाला जमतील तसे दुपारच्या जेवणाचे पंधरा डबे जायचे, मग वीस, मग पंचवीस. चारला ती पदर झटकून निघायची. बोलायची फार कमी, पण भाकरी थापताना हळू आवाजात ओव्या म्हणायची. मी चिडवलं की गप्प बसायची आणि मी बाहेर गेले की पुन्हा सुरू करायची. माझा तिच्यावर जीव जडला होता. हे मी तिला कधी बोलले नाही, माझ्या तोंडातून फक्त तिखट निघायचं.

जूनमध्ये ठेकेदारानं सांगितलं, पहिल्या पाळीचे चाळीस डबे हवेत, सकाळी सहाला गेटवर. नाहीतर सगळंच दुसऱ्याला देतो. सहाला डबे द्यायचे तर तीन-साडेतीनला शेगडी पेटवायला हवी. म्हणजे तिनं बिरवाडीतच राहायला हवं.

मी तिला न विचारता हो म्हणून आले. मधल्या रेघेवर उभं राहायची मला सवयच लागली होती.

त्या दिवशी आमचं जन्माचं भांडण झालं. म्हणजे भांडले मीच. ती पीठ मळत राहिली. मी म्हटलं, एका मातीच्या चुलीसाठी तू चाळीस डबे घालवणार? सर तुला भित्री म्हणाले ते काय उगीच? नाकानं कांदे सोलत मी तिला जोखीम म्हणजे काय ते समजावून सांगितलं, फळ्यावर होतं तसंच्या तसं. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला चूल दिली नाही, खुंटा दिलाय. बांधून घेतलंयस स्वतःला."

तिचे हात थांबले. आईचं नाव मी काढायला नको होतं. हाताचं पीठ काढत म्हणाली, "पावसाळ्यापुरतीच ऱ्हाते. गनपतीनंतर आपन दुसरी बाय बघू सकाळला." मी म्हटलं, बघू. आणि मनात हुश्श केलं.

तिनं तिच्या परीनं सगळी व्यवस्था केली. भावजयीला सांगितलं, रोज संध्याकाळी माझी चूल तेवढी पेटव, पाणी तापव, काही कर. दर चार दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती तिला काहीतरी पाठवायची, कधी तेलाची पिशवी, कधी मसाला, धाकट्या भाच्याला बिस्किटं. पहिले काही दिवस उलटा निरोप यायचा, पेटवली. मग रस्त्यातल्या मोरीवरून ओढ्याचं पाणी गेलं, एसटी आठ-आठ दिवस बंद. निरोप थांबले. ती चारच्या सुमारास खोलीच्या दारात येऊन उभी राहायची आणि पावसाकडं बघायची. मी म्हणायचे, आत ये गो, पीठ भिजतंय. तेव्हा ती यायची.

डबे चाळीसाचे पन्नास झाले. सेंटरमधून सर बघायला आले, फोटो काढला. फोटोत मी पुढं आहे, ती मागं पातेल्याआड.

गणपतीत कंपनीतली पोरं गावी गेली आणि खानावळ पाच दिवस बंद ठेवली. गौरी यायच्या दिवशी मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. का गेले? तिला दाखवायचं होतं, बघ, काही झालं नाही, उगीच घाबरत होतीस. एसटीतून उतरल्यावर शेतातून अर्धा तास चालायचं होतं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. ती इतकी भरभर चालत होती की माझी चप्पल दोनदा चिखलात अडकली, तरी ती थांबली नाही.

पडवीला नवं दार लागलं होतं. आत खाट होती, खाटेवर नवी चादर. जमीन ताजी सारवलेली. जिथं चूल होती त्या जागी लोखंडी ट्रंक ठेवली होती आणि भिंतीवरच्या धुराच्या डागावर चुना मारला होता. तो डाग चुन्यातूनही थोडा दिसत होता.

भाऊ बाहेर आला. मला वाटलं होतं तसा तो माणूस नव्हता. सरळ, थकलेला, कमरेला गमछा. हात जोडून मला म्हणाला, या. मग तिला म्हणाला, "थोरल्या पोराचं लगीन ठरलंय गो मार्गशीर्षात. त्याला खोली नको? तू तं आता बिरवाडीलाच ऱ्हातेस." पुढं म्हणाला, "रेशनकार्डवाला आलता चौकशीला. इचारलं, ही चूल कुनाची? मी काय खोटं सांगनार? पेटत नाय म्हनलं."

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या पायावर पाणी घातलं. कुंकू लावलं. गौरीला लेकी माहेरी येतात, त्यांना असं घेतात घरात. भावजयीनं वाईट म्हणून काही केलं नाही. पाट मांडला, बाजूला रांगोळीची दोन बोटं ओढली, घावन आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढली. पुढं पुढं करून वाढली. भाऊ म्हणाला, "तुजंच घर हाय, सनासुदीला यायचं, दोन दिवस ऱ्हायचं. कोन नाय म्हनतंय?"

आठ वर्षं त्या घरात तिला कुणी पाट मांडला नव्हता. ती पडवीत स्वतःचं शिजवून खायची. त्या दिवशी तिला पाहुणी केली. मी समोर बसून पानातलं नुसतं चिवडत होते. ती मात्र सगळं जेवली. पानात कणसुद्धा ठेवला नाही. मग उठून स्वतःचं ताट घासायला निघाली, तर भावजयीनं हातातून काढून घेतलं, म्हणाली, राहू दे वन्सं, माहेरवाशीण भांडी घासते का. तेव्हा तिचा चेहरा बदलला. आधी नाही, तेव्हा.

परत येताना एसटीत मी म्हटलं, "ताई, आपण खोली घेऊ, तुझ्या नावावर." ती खिडकीबाहेर, समोरून गावाकडं जाणाऱ्या एसटीकडं बघत होती. म्हणाली, "चारची एसटी आज रिकामीच हाय."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एकदाही, पुढे एकदाही मला दोष दिला नाही. फक्त भाकरी थापताना ओव्या म्हणायची बंद झाली. मी मुद्दाम बाहेर जाऊन दाराआड उभी राहायचे, ऐकू येतात का बघायला. नाही आल्या.

खानावळ आणखी दोन वर्षं चालली. मग कंपनीनं आतच कँटीन काढलं आणि ठेकेदाराचे डबे एका दिवसात बंद झाले. खोलीवर येणारी दहा-बारा सुटी गिऱ्हाईकं उरली. ती म्हणाली, दहा पुष्कळ. मी म्हटलं, दहात दोघींचं भागत नाही. आणि भागत नव्हतंच. मी डबे-पातेली आवरून महाडला आईकडे परत गेले. माझा कोपरा तसाच होता, माझी जुनी वाकळसुद्धा आईनं उन्हात घालून ठेवली होती.

तिला मी, आमच्याकडे ये, असं म्हटलं नाही. दोन खोल्यांचं घर, माझ्या भावाचं लग्न व्हायचं, माझंही व्हायचं. कारणं खरी होती. पण मी तिला म्हटलंही नाही. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, अशी मी माझी समजूत घालते, आणि मला माझाच संताप येतो.

तिला पनवेलला एका म्हाताऱ्या बाईकडे काम लागलं, चोवीस तासांचं. मी महाडच्या स्टँडवर सोडायला गेले. एक पिशवी होती हातात. मी मसाल्याची पुडी दिली. ती म्हणाली, "म्हातारीला तिखट चालत नाय." पण घेतली.

एकदा भेटायला गेले होते पनवेलला. चौथा मजला, चकचकीत स्वयंपाकघर. ओट्याच्या खाली तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. मला चहा दिला. म्हणाली, म्हातारी बरी आहे, फक्त ती गेली की ही जागा जाणार. हे तिनं इतकं सरळ सांगितलं की मला चहा कडू लागला. पुन्हा गेले तेव्हा त्या घराला कुलूप होतं आणि शेजारच्यांना माहीत नव्हतं, ती बाई कुठं गेली. मी गावीही विचारलं. भाऊ म्हणाला, गौरीला यायची, दोन वर्षं आली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं महाडला मसाल्याचं दुकान आहे, बऱ्यापैकी चालतं. बिरड्याचा मसाला सगळ्यात जास्त खपतो. तो तिचा आहे, आणि पाकिटावर माझं नाव आहे.

सेंटर आता नव्या इमारतीत गेलंय, खाली खत नाही. परवा तिथून बोलावणं आलं, आमच्या जुन्या यशस्वी उद्योजिका म्हणून दोन शब्द बोला. सरांचे केस पांढरे झालेत, तरी खेळ तोच. पाट, खुंटी, खडूच्या रेघा. समोर पंचवीस बायका. सर म्हणाले, "आता मॅडम दाखवतील कुठं उभं राहायचं."

घरून निघतानाच मी ठरवलं होतं. सगळ्या रेघा ओलांडून जायचं, वाकायचं, पाचही हातानं घालायच्या, आणि मग तिचं सांगायचं. रिंगा हातात घेतल्या. सगळ्या बघत होत्या. सर हसत होते. मी मधल्या रेघेवर जाऊन उभी राहिले.

तीन आत गेल्या. टाळ्या झाल्या. दोन घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेल्या. तिथली एक बाई पटकन उठली, दोन्ही उचलून पदराला पुसल्या आणि माझ्या हातात आणून ठेवल्या.

"घ्या मॅडम," म्हणाली, "परत टाका."